साडेचारला उठणारं बाळ: झोप संपली की मोडली?

इंदूरच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा आठ महिन्यांचा. गेले दोन महिने तो पहाटे साडेचारच्या आसपास उठतो आणि काही केल्या परत झोपत नाही. राजवाड्याजवळच्या जुन्या वस्तीत तीन खोल्यांचं घर, घरात सासू-सासरे. नवऱ्याचं कपड्यांचं दुकान, तो रात्री साडेनऊला घरी येतो. बाबांची भेट व्हावी म्हणून बाळाला तोवर जागं ठेवतात आणि दहाला अंगावर पाजून झोपवतात. उशिरा झोपला तर उशिरा उठेल असंही वाटलं होतं. एक दिवसाआड पहाटे नळ येतात, शेजारीपाजारी मोटरी लागतात. बाळ कुरकुरलं की सासूबाई त्याला उचलून बाहेर नेतात, देवघरातला ट्यूब लावतात, त्याच्याशी बोलत बसतात. "ब्राह्ममुहूर्तावर उठणारं पोर आहे, कशाला निजवतेस?" असं त्यांचं म्हणणं. सव्वासहाला तो पेंगतो आणि दोन तास गाढ झोपतो. पुढे साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, अशा आणखी दोन झोपा. शेजारच्या काकूंनी जायफळ उगाळून द्यायला सांगितलंय. नणंद म्हणते, रडू दे, चार दिवसांत सरळ येईल. तिची मुलगी सातपर्यंत झोपायची. आई शिक्षिका आहे, शाळा सकाळची, आणि ती उघडायला आता थोडेच दिवस राहिलेत. "अंगावर पाजून झोपवायची सवय मीच लावली, त्याचंच हे फळ का? पहाट झाली की मला धडकी भरते," असं तिनं लिहिलं आहे.

नमस्कार ताई,

तुम्ही एक ओळ जाता जाता लिहून गेलात, पण सगळं उत्तर तिच्यातच आहे: सव्वासहाला तो पेंगतो आणि दोन तास गाढ झोपतो. बाळ पहाटे उठतं म्हटल्यावर मी आधी हेच विचारते, की त्याची झोप संपली की मोडली? दिसायला दोन्ही सारखीच, पण उपाय अगदी उलटे. आठ महिन्यांचं बाळ एका झोपेनंतर साधारण अडीच ते साडेतीन तास मजेत जागं राहतं. तुमचा मुलगा दिवसभर तेवढा राहतो, आणि रात्रीच्या लांब झोपेनंतर मात्र दोन तासही धड निघत नाहीत. म्हणजे सव्वासहाची ती सकाळची झोप नव्हेच. रात्रीची उरलेली झोप तो पावणेदोन तासांच्या खंडानंतर पुरी करतोय.

आता बेरीज करून बघू. रात्री दहा ते साडेचार, साडेसहा तास. दिवसाचे दोन, दोन आणि दीड मिळून साडेपाच. एकूण १२ तास. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते असं बालझोपेचे तज्ज्ञ मानतात. तुमचं बाळ त्या उंबरठ्यावर उभं आहे. त्याला कमी झोप पुरते असं नाही, मिळतेच कमी. आणि मिळते तीही जवळजवळ अर्धी दिवसा.

उशिरा झोपवलं तर उशिरा उठेल, हा हिशोब आपण मोठ्यांवरून मांडतो. सुट्टीच्या आदल्या रात्री आपण जागलो तर सकाळी लोळतो. लहान बाळाला ते जमत नाही. त्याचं उठायचं घड्याळ उजेडावर आणि रोजच्या रिवाजावर लागलेलं असतं. झोपायची वेळ तुम्ही पुढे ढकललीत तरी उठायची वेळ जागची हलत नाही, मधली रात्र तेवढी आखूड होते. शिवाय फार दमून झोपलेलं बाळ जास्त चुळबुळतं. संध्याकाळी साडेसहापासून दहापर्यंत त्याला जागं ठेवताना शेवटचा तासभर तो चिडचिडा होत असेल, डोळे चोळत असेल, मग अचानक हसतखेळत उड्या मारायला लागत असेल. बघणाऱ्याला वाटतं, याला कुठे झोप आलीय! त्याची वेळ टळून गेलेली असते.

मग साडेचारच का? रात्री झोपताना अंगात झोपेची जी ओढ असते ती पहिल्या पाच-सहा तासांतच बरीचशी फिटते. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात होते. पहाटेची झोप हलकी, स्वप्नांची, हालचालीची. अंगाचं तापमानही पहाटेच सगळ्यात खाली गेलेलं असतं. रात्री बाराला ढोल वाजला तरी न हलणारं बाळ पहाटे चारला भांडं पडल्यानं दचकून उठतं ते यामुळे. साडेचारला थोडी चाळवाचाळव प्रत्येक बाळाची होते. काही बाळं कुशीवर वळून परत झोपतात. ज्यांना काहीतरी टोचतं, बोचतं, बोलावतं, ती उठून बसतात.

तुमच्या घरात बोलावणाऱ्या गोष्टी तीन दिसतात, आणि तिन्ही एकेक करून तपासता येतील. मोटर आधी घेऊ. पाच-सहा दिवस एका कागदावर रोज लिहा: कधी झोपला, कधी उठला, दिवसा किती झोपला, नळ आले होते की नव्हते. कागद फ्रिजवर लावा, म्हणजे घरातलं कुणीही लिहील. नळ नसलेल्या दिवशीही तो साडेचारलाच उठत असेल, तर मोटरीला दोष देऊन उपयोग नाही. नळाच्या दिवशीच उठत असेल तर त्याची गादी भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत न्या आणि खोलीत पंखा चालू ठेवा. पंख्याच्या एकसुरी घरघरीत मोटरीचा आवाज बराच बुडतो.

दुसरी गोष्ट गारवा. सध्या आपल्याकडे रात्री दहाला घरं तापलेली असतात, म्हणून बाळाला नुसत्या झबल्यात कूलरसमोर झोपवतात. तोच कूलर, तेच झबलं, आणि माळव्यातली पहाट मात्र गार. चारला उठून एकदा त्याच्या मानेला आणि छातीला हात लावून बघा. हातपाय गार लागले तर काळजी नको, बाळांचे ते लागतातच. मान गार लागली तर कूलरचं तोंड फिरवा, झोपवताना पूर्ण बाह्यांचा सुती अंगरखा आणि पायजमा घाला. सैल पांघरूण किंवा गोधडी मात्र घालू नका. या वयाचं बाळ ती तोंडावर ओढून घेतं आणि मग बाजूला सारता येतेच असं नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. सासूबाई.

तुमच्या पत्रात त्यांच्यावर थोडा राग आहे. तो मी समजू शकते. पण त्या बाईंच्या बाजूनंही बघा. दिवसभर नातू तुमचा, रात्री तो बाबांचा. घरात कुणी हालचाल करत नाही, चहाचं आधणही ठेवलेलं नसतं, तेव्हाचा तो तास-दीड तास नातू फक्त आजीचा असतो. त्यांना तो काढून घेतल्यासारखं वाटलं तर कोणताही सल्ला त्या घरात टिकायचा नाही. आणि त्यांच्या बोलण्यात चूक काही नाही. पहाटे उठणं चांगलंच. फक्त ज्याची रात्र पुरी झाली त्याच्यासाठी. मोठं माणूस नऊला झोपून साडेचारला उठतं. तुमचा मुलगा दहाला झोपतो आणि त्याला मोठ्या माणसाच्या दीडपटीहून जास्त झोप लागते.

बाळाच्या मेंदूतलं घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून लागतं. पहाटेचा उजेड ते घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा उजेड पलीकडे ढकलतो. रोज पावणेपाचला ट्यूबचा लख्ख प्रकाश, कडेवर फिरणं, आजीचा लाडाचा आवाज, हे सगळं मिळालं की त्याच्या शरीरात नोंद होते: दिवस इथून सुरू. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी उठतो, कारण काल याच वेळी छान काहीतरी झालं होतं. देवापुढच्या निरांजनाचं काही नाही हो, ती मिणमिणती ज्योत कुणाची झोप उडवत नाही. ट्यूबची गोष्ट वेगळी.

म्हणून सासूबाईंना "उचलू नका" म्हणू नका. त्यांना वेळ नेमून द्या. सहा ते सात नातू त्यांचा, रोज, हक्कानं. सहाला त्यांनीच खोलीत यावं, पडदा सारावा, मोठ्यानं "उठला का माझा राजा" म्हणावं, गच्चीत न्यावं, उन्हात बसवावं. तो उजेड आणि तो आवाज आता औषधासारखा काम करेल, कारण तो योग्य वेळी मिळेल. हे तुमच्याऐवजी तुमच्या नवऱ्यानं आईला सांगितलं तर अधिक बरं. सुनेनं सांगितलं की तक्रार होते.

साडेचार ते सहा या वेळात काय करायचं? तो कुरकुरला की लगेच उचलू नका, दोन-तीन मिनिटं थांबा. बाळं अर्धवट झोपेतही आवाज काढतात, आणि आपणच त्यांना उचलून पुरतं जागं करतो. खरंच रडायला लागला तर अंधारातच जवळ घ्या, लंगोट बघा, भूक असेल तर पाजा. आठव्या महिन्यात रात्री-पहाटे एकदा दूध लागणं अगदी साधं आहे. या वयात रांगण्याच्या नादात बाळं दिवसा पोटभर पीत नाहीत आणि ती भरपाई रात्री करतात. दिवसा त्याला शांत खोलीत बसून पाजत जा, फरक पडेल. पाजून झाल्यावर तिथेच निजवा. झोपला नाही तरी खोलीबाहेर काढू नका, दिवा नको, गप्पा नकोत, मोबाइलही नको. कंटाळवाणी पहाट असू द्या. खिडकीला जाड चादर लावा. जूनमध्ये इंदूरला सव्वापाचलाच फटफटतं आणि पावणेसहाच्या आत सूर्य वर येतो, म्हणून या दिवसांत पहाटे उठणाऱ्या बाळांच्या तक्रारी वाढतात. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा हेच बाळ आपसूक थोडं उशिरा उठेल.

एक गोष्ट फार जपा. झोपेनं डोळे मिटत असताना सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. तिथे आईला डुलकी लागली आणि बाळ फटीत सरकलं की जीव गुदमरतो. त्यापेक्षा घट्ट गादीवर, उशा आणि पांघरुणं बाजूला सारून, आडवं होऊन पाजलेलं बरं. नंतर त्याला पाठीवर झोपवा. स्वतःहून पालथा झाला तर होऊ द्या.

सव्वासहाची झोप एकदम तोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे न्या, पावणेनऊपर्यंत आणा. ती लवकर मिळते तोवर साडेचारला उठण्यात त्याचं काहीच जात नाही, हे लक्षात ठेवा. संध्याकाळची दीड तासांची झोप अर्ध्या तासावर आणा, साडेपाचनंतर झोपू देऊ नका. आणि रात्रीची वेळ अलीकडे आणा, साडेआठपर्यंत.

इथे बाबांची अडचण येते. साडेनऊला दमून आलेल्या माणसाला दिवसभरात मिळणारी मुलाची ती एकच भेट, आणि मी ती बंद करायला सांगतेय. हे मला सहज म्हणवत नाही. दोन रस्ते आहेत. एक, साडेआठला झोपवायचं आणि बाबांनी सकाळी सात ते आठ हा तास घ्यायचा: आंघोळ, मालीश, खिमट भरवणं. रात्रीच्या पेंगुळलेल्या, किरकिऱ्या अर्ध्या तासापेक्षा सकाळचं टवटवीत बाळ बाबांना जास्त मिळेल. दुसरा रस्ता, नऊ-सव्वानऊला झोपवायचं, दुकान बंद असेल त्या दिवशी भेट, आणि बाकी दिवस बाबांनी तासभर लवकर यायची सोय बघायची. माझा कल पहिल्याकडे आहे. पण बाप-लेकाची भेटच होत नाही असं व्हायला लागलं तर पंधरा-वीस मिनिटांची झोप सोडलेली चालेल. हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा.

आता तुम्ही स्वतःवर घेतलेला आरोप. अंगावर पाजून झोपवणं हा गुन्हा नाही, आणि दोन महिन्यांच्या या पहाटा त्यानं आल्या असंही मी म्हणणार नाही. एवढं मात्र खरं, की ज्या आधारानं बाळ रात्री झोपतं तोच त्याला हलक्या झोपेत परत हवा असतो, मग तो आधार आईचं दूध असो, झोळीचा झोका असो की बाबांची कड. त्यावर सोपी वाट म्हणजे रात्रीचं पाजणं थोडं आधी घ्या: पाजा, मग कपडे बदला, मग एखादी ओवी किंवा अंगाई, आणि डोळे जड झालेले पण उघडे असताना गादीवर ठेवून थोपटा. रोज जमणार नाही. आठवड्यातून चार दिवस जमलं तरी पुष्कळ.

रडू देण्याबद्दल नणंदबाई सांगतात ते अगदीच निराधार नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळांना थोडं थोडं थांबून स्वतः झोपायला शिकवण्यावर अभ्यास झाले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अशा मुलांना पाच वर्षांनंतर पुन्हा पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले: मुलांच्या मनावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर वाईट परिणाम दिसला नाही, आणि कायमचा फायदाही दिसला नाही. पण ती पद्धत वापरायचीच तर रात्री झोपताना, जेव्हा झोपेची ओढ जोरात असते. पहाटे साडेचारला ओढच उरलेली नसते, तेव्हा बाळ नुसतं रडत राहतं. तीन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासऱ्यांची झोप मोडत असताना, तुम्ही दहाव्या मिनिटाला त्याला उचलणार हे मला दिसतंय, आणि मग तो दहा मिनिटं रडायला शिकेल. तुमच्या घरी हा उपाय मी सुचवणार नाही.

जायफळ देऊ नका. आपल्या घराघरांत गुटीची सहाण आहे, त्यामागची माया मी जाणते. पण सहाणेवर जायफळाचे किती वळसे घेतले त्यावर मात्रा ठरते. दगड खरखरीत असला, जायफळ ताजं असलं, हात जड असला की मात्रा बदलते, आणि जास्त झालेलं जायफळ विषारी असतं. त्यानं येते ती गुंगी, झोप नव्हे. गुटीत मध घालत असाल तर तोही वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंनी बाळाच्या नसा लुळ्या पडणारा गंभीर आजार होऊ शकतो. सर्दीचं सिरप "झोप येते" म्हणून पाजणं तर मुळीच नको.

ज्यांची बाळं साडेसातला झोपून पाच-साडेपाचला हसत उठतात आणि मग आठ-साडेआठपर्यंत आनंदात खेळतात, त्यांनी यातलं बरंचसं करू नये. त्यांच्या बाळाची झोप मोडलेली नाही, संपलेली आहे. एकूण तेरा तास झोपणाऱ्या बाळाची दिवसाची झोप साडेतीन तासांची असेल तर रात्रीला साडेनऊच उरतात, पाचला उठणं हा निव्वळ हिशोब झाला. त्यांनी झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे न्यावी किंवा दिवसाची झोप थोडी कमी करावी. आणि बाळ सहाला उठत असेल तर तक्रार सोडून द्यावी, ती या वयाची साधी वेळ आहे. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजावं.

तुम्हालाही हेच सांगायचं आहे. सात हा आकडा नणंदेच्या घरातून आलाय. तुमची शाळा सकाळची, म्हणजे सातच्या आसपास तुम्हाला घराबाहेर पडावं लागेल. बाळ सातला उठलं तर तुम्ही त्याला झोपलेलंच बघून निघाल. सहाला उठलं तर निघण्याआधी एक पाजणं होईल.

घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटणं, कान ओढून रडणं, ताप, दूध कमी पिणं, वजन न वाढणं यांपैकी काही असेल तर वेळापत्रकात वेळ घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फिकट दिसत असेल तर लोहाचंही विचारा. सहाव्या महिन्यानंतर अंगातला साठा कमी होतो आणि लोह कमी पडलं की झोप अस्वस्थ होते.

आणि पहाटेची ती धडकी. आठवड्यातून दोन पहाटा तुमच्या नवऱ्यानं सांभाळाव्यात, बाळाला फक्त पाजण्यापुरतं तुमच्याकडे आणावं. त्या दोन दिवशी तुम्ही नऊलाच झोपा. बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, रडू आवरत नसेल, तर ते थकव्याच्या पुढचं आहे आणि त्यावर इलाज आहे. तुमच्या डॉक्टरांशी बोला, किंवा मनाच्या आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो नंबर दिवसरात्र चालू असतो आणि पैसे पडत नाहीत.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा उजेड, कूलर आणि सासूबाईंची सहाची वेळ. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळची झोप पुढे आणि रात्रीची अलीकडे. घड्याळ सरकायला दोन-तीन आठवडे जातात, आणि मध्ये दात किंवा उभं राहण्याचा नाद आला की चार दिवस मागे जायला होतं, तेवढं धरून चाला. शाळा उघडली की पावणेनऊची झोप सासूबाईंच्या हाती जाईल, म्हणून त्या वेळेला त्यांनीच थोपटायला आतापासून सुरुवात करावी. तुम्ही तोवर स्वयंपाकघरात राहा, हाक आली तरच जा.